रविवारचा साहेब

मी सोलापुरात पाळक आहे. म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. उपासना चालवायची, लग्नं लावायची, आजाऱ्यांना भेटायचं, गेलेल्याला माती द्यायची. पाळकाला लोक साहेब म्हणतात, पाळकसाहेब. हे कुणी कुणाला शिकवत नाही, लहानपणापासून कानावर असतं. हा शब्द मी एकदा पत्र लिहून बंद केला, आणि तसं करताना मोहोळकडच्या एका म्हाताऱ्या माणसाकडे जे होतं ते काढून घेतलं. चांगल्या हेतूनं घेतलं, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता तेवढंही सांगवत नाही.

सुरुवात झाली एका फ्लेक्सपासून. आमच्याकडे तीन दिवसांची सभा होती आणि बाहेरगावाहून एक मोठे पाहुणे यायचे होते. मी स्वागत समितीत होतो. फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी आम्ही 'रेव्हरंड डॉक्टर' घातलं होतं. डॉक्टर कुठल्या विद्यापीठाचे, ते आमच्यात विचारत नाहीत, बरं दिसत नाही. मे महिन्याची दुपार, सोलापूरचं ऊन आणि आम्ही हातात हार घेऊन फाटकाशी उभे. गाडी आली. काच थोडी खाली झाली आणि पुढच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, "बिशप लिहायचं राहिलंय का?"

साहेबांना नुकतंच बिशप केलं होतं. कुणी केलं, हेही विचारायचं नसतं. 'द राइट रेव्हरंड डॉक्टर' आणि पुढे 'बिशप' असं सगळं हवं होतं. काच वर गेली, आत एसी चालूच होता. फ्लेक्स बदलेपर्यंत साहेब उतरणार नाहीत हे आम्हाला हळूहळू कळलं. आमच्या मंडळीचे एक पंच मोटारसायकल काढून नवी पेठेकडे ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे पळाले. दोन तासांनी नवा फ्लेक्स लागला, तोवर हार पार सुकले होते. त्या दिवशी साहेब नम्रतेवर बोलले असते तर गोष्ट आणखी रंगली असती. पण ते आशीर्वादावर बोलले, आणि चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं.

मी तापट माणूस आहे. घरी आल्या आल्या चपला भिरकावल्या आणि तोंड सोडलं. बायको भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला एवढं का लागलं? तुमचं नाव होतं का फ्लेक्सवर?"

माझं नाव नव्हतं. खाली कोपऱ्यातसुद्धा नव्हतं. हे तिनं मुद्दाम विचारलं की सहज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी उपदेशाला शुभवर्तमानातला तो भाग घेतला. लोकांकडून गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात, असं प्रभू शिष्यांना सांगतो तो. बोलता बोलता मला जोर चढला आणि मी जाहीर करून टाकलं की आजपासून मला कुणी साहेब म्हणायचं नाही, रेव्हरंड म्हणायचं नाही. नुसतं भाऊ म्हणा. उपासना सुटल्यावर मी स्क्रूड्रायव्हर आणून माझ्या दारावरची 'रेव्हरंड' लिहिलेली पाटी सगळ्यांसमोर काढली. कुणीतरी रिकाम्या भिंतीचा फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली हात जोडल्याची इतकी चिन्हं आली की दिवसभर फोन वाजत राहिला. असा पाळक पाहिला नाही, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं. ते मी चार-पाच वेळा तरी वाचलं असेल.

बायको म्हणाली, "नम्रता लई चढलीय तुम्हाला." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे मी आता पाळकीणबाई नाही. वहिनी का?"

मी हसण्यावारी नेलं.

शहराच्या मंडळीशिवाय माझ्याकडे खेड्यांतल्या तीन लहान मंडळ्या आहेत. तिथे मी महिन्यातून एका रविवारी जातो, कारण प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आणि बाप्तिस्मा दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा असा नियम आहे. उरलेले रविवार तिथला उपदेशक चालवतो. उपदेशकाला दीक्षा नसते. तो गावातलाच कुणीतरी असतो, वाचता येणारा, प्रार्थना करणारा. शहरातून काही सूचना आली की उपासनेनंतर तो उभा राहून वाचून दाखवतो आणि लोक आमेन म्हणतात. एकदा मी पाण्याच्या टाकीबद्दल चिठ्ठी पाठवली होती, तिलाही आमेन म्हणाले होते.

तर मी या तीन मंडळ्यांना पत्र लिहिलं. यापुढे साहेब म्हणायचं नाही, मला नाही, कसलीही पदवी लावू नये, आपण सर्व भाऊबहिणी आहोत. लिहून झाल्यावर परत वाचलं तेव्हा वाटलं, हे फक्त माझ्यापुरतंच आहे असा कुणाचा समज व्हायचा. म्हणून 'मला नाही' याच्या वर, ओळीच्या मधल्या जागेत, 'उपदेशकांनाही नाही' असं बारीक अक्षरात घातलं. झेरॉक्स काढल्या आणि पाठवून दिल्या. कुणाला विचारलं नाही.

त्यातली एक प्रत मोहोळजवळच्या वस्तीवर गेली. तिथले उपदेशक सत्तरीच्या पुढचे. शिक्षण सातवीपर्यंत. दीक्षा घ्यायची तर सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात जावं लागतं, तिथे इंग्रजी लागतं, आणि घर सोडून तीन वर्षं राहावं लागतं. त्यांचं ते झालं नाही. पण तीसेक वर्षं दर रविवारी ते उभे राहिले. माझ्याआधीच्या एका पाळकांनी त्यांना आपला काळा कोट दिला होता. तो त्यांना मोठा व्हायचा, म्हणून त्यांच्या बायकोनं बाह्या आत दुमडून टाके घातले होते. हा कोट ते भर उन्हाळ्यातही घालत. ते आत आले की लोक उठून उभे राहत. त्यांच्यासाठी हाताची एक खुर्ची असे, तिच्यावर धुतलेला टॉवेल. आणि सगळी वस्ती त्यांना पाळकसाहेब म्हणायची. नियमानं ते पाळक नव्हते. लोकांना नियम माहीत नव्हता असंही नाही.

ती वस्ती गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे आहे. ओढ्यापलीकडच्या माणसांना गाव कशी हाक मारायचं, आणि कितीतरी ठिकाणी अजून कशी मारतं, ते मी वेगळं सांगायला नको. मीही अशाच वस्तीतल्या घरातला. माझे आजोबा गाव सोडून मिशनच्या शाळेत शिपाई झाले, म्हणून बाप मास्तर झाला आणि मी साहेब. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

पत्रानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच बायका आमच्या ख्रिस्ती रीतीनं, पण लाजत लाजत म्हणाल्या, "सलाम, भाऊ." मला इतकं बरं वाटलं. आत गेलो तर हाताची खुर्ची नव्हती, सगळ्यांसारखी सतरंजी. उपदेशक पांढऱ्या शर्टात बसले होते. कोट घातला नव्हता.

"पत्र वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं की, भाऊ. दोनदा वाचलं."

"लोकांनी कसं घेतलं?"

"बरं घेतलं. आमेन म्हणले."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पत्र त्यांच्याच हातून वाचलं गेलं, म्हणजे आपल्याला साहेब म्हणू नका हे त्या म्हाताऱ्यानं स्वतःच उभं राहून लोकांना सांगितलं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रभुभोजन दिलं, जेवलो आणि संध्याकाळच्या आत सोलापूरला परतलो. वाटेत तर गुणगुणतही होतो.

दोन महिन्यांनी वस्तीवरच्या एका बाईचा फोन आला. उपदेशक दोन-तीन रविवार उपासनेला येत नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात, आता वाचायचं कुणी? पुढच्या आठवड्यात मला मोहोळला एका आजाऱ्याला भेटायला जायचं होतं. मधला वार होता. उपदेशक मोहोळच्या बाजारात एका खताच्या दुकानात काम करतात एवढं ऐकून होतो. काय काम करतात, हे माझ्या इथल्या नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. मी त्यांना फक्त रविवारी पाहिलेलं होतं.

दुकान सापडेना, म्हणून रस्त्याकडेच्या एका चहाच्या गाड्यावर चौकशी केली. पाळकसाहेब म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती. म्हणून नावापुढे राव लावून विचारलं.

"असलं कोन राव न्हाय हितं," चहावाला म्हणाला.

मी वर्णन केलं. उंच, वाळके, पांढरी दाढी, आमच्या मंडळीत वाचन करतात.

"आं, त्यो व्हय." त्यानं रस्त्यापलीकडे तोंड करून हाक मारली. ती हाक मी इथे लिहीत नाही. त्यांचं नाव चांगलं आहे, पवित्र शास्त्रातलं आहे. चहावाल्यानं त्यातलं दीड अक्षर ठेवलं होतं, आणि पुढे म्हणाला, "ए, हिकडं ये. तुज्याकडं कोन पावणं आलंय बघ."

पलीकडे एक ट्रक रिकामा होत होता. त्याच्यामागून उपदेशक आले. डोक्याला फडकं, अंगावर खताची पांढरी धूळ, पायात काही नाही. वाहनं चुकवत जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला. मला पाहिलं आणि थांबले. फडकं काढलं. पाठ सरळ केली. आणि गाड्यावरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सलाम, साहेब."

त्या आवाजात काय होतं ते आज मला कळतं. त्यांच्याकडे एक साहेब आला होता. सोलापूरहून, गाडी काढून, त्यांचं नाव विचारत. ते चार माणसांत दिसावं एवढंच त्यांना हवं होतं. मी नुसतं 'सलाम' म्हणून हात मिळवला असता तरी पुरलं असतं.

मी हसत हसत म्हणालो, "साहेब नाही, भाऊ. पत्र विसरलात का?"

चहावाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "भाऊ? काय रं, तुजा भाऊ व्हय ह्यो? शर्टावरनं तर वाटत न्हाय."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मग उपदेशकही हसले. ते खोटं हसणं मी डोळ्यांनी पाहिलं.

"न्हाय," ते चहावाल्याला म्हणाले, "वळखीचे हायत, असंच." दुकानातून मालकाची हाक आली, तीच, दीड अक्षराची. ते मला म्हणाले, "जरा गाडी खाली करतो, भाऊ," आणि फडकं गुंडाळत परत गेले. मी पाहत राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरत होता, आणि त्याचे गुडघे दुखतात म्हणून मी विचारपूस करायला आलो होतो.

मी वस्तीवर त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको अंगणात तुरी पाखडत होती. तिनं पाणी दिलं, घरातून खुर्ची आणून टाकली. हाताची तीच खुर्ची होती. मी खालीच बसतो म्हणालो तर म्हणाली, "बसा वर. आता कोन बसतंय तिच्यावर."

"गुडघे फार दुखतात का त्यांचे?"

"गुडघ्याला काय झालंय? सकाळधरनं पोती उचलत्यात की."

ती सूप खाली ठेवून समोर बसली. रागावलेली नव्हती. बरेच दिवस मनात असलेलं सांगायला आता माणूस मिळालाय, असं तिचं बोलणं होतं.

"तुमचं पत्र आलं. त्यांनी आदी घरात वाचलं, मला वाचून दावलं. मी म्हटलं, हे वाचू नगा. ठिवा पेटीत, कोन इचारतंय? तर म्हणले, पाळकांचं पत्र हाय, वाचाय पायजे. रविवारी हुबं ऱ्हाऊन समदं वाचलं. एक शबुद गाळला न्हाय. ते वर बारीक लिवलेलं हुतं न्हवं, ते बी वाचलं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमास्नी भाऊ म्हटलं म्हणून तुमचं काय गेलं, सांगा? ब्यांकेत गेला तर साहेब, शाळंत गेला तर साहेब, पोलीस बी साहेब म्हणतंय. तुमी पाटी काडली तरी तुमी साहेबच. ह्यांचं तसं न्हाय. सा दिस हे अरे हायत, तुरे हायत. नातवाच्या वयाचं लेकरू बी ए म्हणतंय. एक रविवार, दोन घंटं, कोट घालून माणूस साहेब हुतं. सा दिस त्याच्यावर काडायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कुनाचं काय खाल्लं हुतं त्यांनी?"

चहा केला होता, तो माझ्यासमोर निवला. मला रागावायचं होतं, कारण मला तेच येतं. पण रागवायचं कुणावर? ते फ्लेक्सवाले बिशपसाहेब कुठेतरी आपल्या गावी सुखात असतील. त्यांचं एक अक्षरही कमी झालेलं नव्हतं. त्यांच्यावरचा राग मी इथे येऊन काढला होता, ज्याच्याकडे एकच शब्द होता त्याच्यावर. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं चेष्टा केली नाही, आणि ती चेष्टा करत नाही म्हटल्यावर मी जास्तच घाबरलो.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही याच, असा मी उपदेशकांना निरोप धाडला. ते आले. पांढरा शर्ट, कोट नाही. उपासना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की ते पत्र लिहिण्यात माझी चूक झाली, ते मी मागे घेतो, आणि उपदेशकांची सगळ्यांसमोर क्षमा मागतो. आजपासून त्यांना पूर्वीसारखं पाळकसाहेब म्हणा. लोक म्हणाले, आमेन. मग मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "पाळकसाहेब, शेवटची प्रार्थना तुम्ही करा."

ते उठले. छान प्रार्थना केली. पाऊसपाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, आणि शेवटी माझ्यासाठी. आमच्या भाऊंना सुखरूप घरी ने, म्हणाले.

नंतर बाहेर लिंबाखाली मी मोटारसायकल काढत होतो, तेव्हा ते जवळ आले.

"भाऊ, एक इचारू का?"

"विचारा की."

"आदी मला साहेब म्हणा असं कुनी सांगितलं नव्हतं. आपल्या मनानं म्हणायचे. आता तुमी सांगितलं म्हणून म्हणतील." ते बोलताना माझ्याकडे नाही, गाडीच्या चाकाकडे पाहत होते. "मग त्यो साहेब तुमचा झाला की. माझा कुटं ऱ्हायला?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तुमची माफी मागतो, एवढंच परत एकदा म्हणालो. ते म्हणाले, "माफीचं काय न्हाय, भाऊ. सावकाश जावा."

याला आता वर्ष उलटून गेलं. उपदेशक पुन्हा उपासना चालवतात, वाचन पूर्वीसारखंच स्वच्छ करतात. कोट घालत नाहीत. तो त्यांच्या बायकोनं डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत ठेवला आहे. मी जाहीर केल्यावर लोकांनी तीन-चार रविवार आठवणीनं त्यांना साहेब म्हटलं म्हणे, पण म्हणताना अडखळत, एकमेकांकडे बघत. मग ते आपोआप बंद पडलं. आता त्यांना सगळे भाऊच म्हणतात.

माझं मात्र वेगळं झालं. मी मोटारसायकल लावतो न लावतो तोच वस्तीवरच्या बायका पूर्वीसारख्या म्हणतात, "सलाम, साहेब." सुरुवातीला मी एक-दोनदा म्हटलं, भाऊ म्हणा. त्या व्हय व्हय म्हणाल्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा साहेब. आता मी काही म्हणत नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरंही वाटतं. हाताची खुर्चीही परत आली आहे, टॉवेल टाकून ठेवलेली असते, माझ्यासाठी. उपदेशक सतरंजीवर बसतात. माझ्या पत्रातला नियम त्या वस्तीत अजून पाळला जातो, फक्त एकाच माणसाच्या बाबतीत.